काय उजेड पाडला!

"दिवे लावलेस का?" बायकोनं विचारलं.

"लावलेत."

"मग दिसत का नाहीत?"

दिसत होते. गाडीच्या समोर उभं राहिलं की छान दिसत होते; दोन पिवळट ठिपके, चष्मा हरवलेल्या म्हाताऱ्यासारखे किलकिले करून रस्त्याकडे बघणारे. गाडी चालवताना मात्र खड्डा आधी कमरेला कळायचा आणि डोळ्यांना नंतर.

मेहुण्यानं निदान केलं, "एलईडी टाका. अर्ध्या तासाचं काम."

'अर्ध्या तासाचं काम' हे शब्द कानावर पडले की हल्ली मी त्या दिवसाची बाकीची सगळी कामं रद्द करतो. तेव्हा तेवढी अक्कल नव्हती.

आमच्या गाडीला एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब लागतो. एकाच काचेत दोन तारा, डिपरला (जवळचा, खाली झुकलेला झोत) ५५ वॅट, अप्परला (लांबचा झोत) ६०. डिपरचा उजेड साधारण १००० लुमेन; लुमेन म्हणजे उजेडाचं माप. मी आणलेल्या एलईडीच्या खोक्यावर लुमेनचा आकडा एवढा दांडगा होता की रात्री विमानं आमच्या अंगणात उतरायला लागतील अशी धास्ती वाटली.

बॉनेट उघडलं. हेडलाइटच्या पाठीमागे बॅटरी, आणि दोघांच्या मध्ये एका मांजराला अंग चोरून जाता येईल एवढी जागा. त्यातून हात घालून आधी कनेक्टर ओढायचा, मग रबरी टोपी सोलायची, मग तारेची क्लिप दाबून बाजूला सारायची. सगळं न बघता, चाचपून. मनगट कुठल्या बाजूला किती वळावं हे निसर्गानं ठरवलंय, याची गाडी बनवणाऱ्यांना कल्पनाच नसावी. क्लिप सुटली. 'टिंग' असा आवाज आला, मग खालून आणखी एक बारीक 'टिंग', आणि मग शांतता. ती शांतता चाळीस मिनिटं टिकली. शेवटी दोऱ्याला लोहचुंबक बांधून मी इंजिनात गळ टाकून बसलो होतो. शेजारचे काका येऊन विचारून गेले, "लागतंय का काही?"

एलईडीच्या शेपटीला पंखा. त्यामुळे रबरी टोपी बसेना. तिला कात्री लावली. (पहिल्याच पावसात दिव्यात थेंब जमले, ते याच कात्रीचं पुण्य.)

रात्री समोरची भिंत पांढरीशुभ्र झाली. बायको चक्क "अरे वा!" म्हणाली. रस्त्यावर आलो, तर झाडांच्या शेंड्यावरची घरटी दिसायला लागली, दुसऱ्या मजल्यावरच्या पडद्यांची नक्षी दिसायला लागली. रस्ता तेवढा दिसेना. समोरून येणारा प्रत्येकजण मला अप्पर मारून शिव्या घालत होता. एकानं तर काच खाली केली.

"दादा, डिपर मारा की!"

"डिपरच आहे."

"मग अप्परला काय सूर्य आहे का?"

त्या माणसाची काही चूक नव्हती. हेडलाइटचा आरसा घडवलेला असतो तो बल्बमधली तार नेमकी कुठे जळणार हे धरून. एच-फोरमध्ये डिपरच्या तारेखाली एक इवलीशी पत्र्याची वाटी असते. आरशाच्या खालच्या भागावर पडून वर उसळणारा उजेड ती अडवते. एलईडीचे ठिपके पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेले. जागा थोडी हुकली की सगळा झोत उधळला. त्यात मी ते डाव्या-उजव्या बाजूंऐवजी वर-खाली बसवले होते. फिरवून नीट बसवल्यावर घरटी गेली, पण पडदे राहिले.

मग मेकॅनिककडे. कमी बोलणारा माणूस. त्यानं एलईडी काढून जुने बल्ब लावले आणि मीटर काढला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.९ व्होल्ट. बल्बच्या पायांवर ११.१.

"बल्ब उपाशी आहे," तो म्हणाला.

दोन बल्बांचा मिळून नऊ-दहा अँपियर करंट इतकी वर्षं स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि जीर्ण तारांमधून धापा टाकत येत होता. हॅलोजनचं गणित असं की व्होल्टेज वीस टक्के घटलं की उजेड निम्म्याहून खाली जातो. आग रामेश्वरी, मी बंब घेऊन सोमेश्वरी! त्यानं बॅटरीवरून थेट जाड वायर टाकली, फ्यूज आणि रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारा स्विच) बसवला, अर्थच्या वायरचं गंजलेलं टोक पॉलिश पेपरनं घासलं. नवे हॅलोजन बसवताना काचेला बोट लागू दिलं नाही; बोटाचं तेल लागलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. जुने बल्ब मी काढताना तळहातात भजी धरावी तसे धरले होते. त्यानं ते माझ्याकडे न बघताच कचऱ्यात टाकले.

राहिली बाहेरची पिवळी पडलेली काच. ती काच नसतेच मुळी, पॉलिकार्बोनेट असतं, उन्हानं पिकतं. तिच्यावर टूथपेस्ट मी आधीच घासून पाहिली होती. चार दिवस चकाकी राहिली, पुदिन्याचा वास जास्त दिवस. आता त्यानं ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून चालवला आणि दिवा दुधासारखा पांढरा झाला. माझा जीव गोळा. मग १५००, २०००, मग पॉलिश, आणि शेवटी ऊन अडवणारा थर.

परवा रात्री मेहुणा शेजारच्या सीटवर होता. रस्ता कडेपर्यंत स्वच्छ दिसत होता, समोरून कोणी अप्पर मारत नव्हतं. एलईडी त्याच्या गुडघ्यासमोरच्या कप्प्यात, खोक्यात झोपले होते.

"बघा," तो म्हणाला, "फरक पडला की नाही एलईडीनं? आणि शेड किती छान, अगदी हॅलोजनसारखी!"

मी काही बोललो नाही.

"आणि काम किती? अर्धा तास!"