हलक्या कानाची गाडी

मध्यंतरी आमच्या गाडीचं एकच म्हणणं होतं: डिकी उघडी आहे. मी मागे जाऊन दाबून बघायचो, ओढून बघायचो, फटीत नख घालून बघायचो. डिकी घट्ट बंद. परत येऊन सीटवर बसलो की डॅशबोर्डवर ती इवलीशी गाडी मागचं झाकण वर करून पिवळीधमक उभी, आणि सोबतीला टुंग टुंग. मी डोळ्यांनी बघून आलेलं खोटं आणि तिने न बघितलेलं खरं, असा हा वाद रोज चालायचा.

तिने खरोखरच बघितलेलं नसतं. गाडीला स्वतःची डिकी दिसत नाही. मागे काय चाललंय ते तिला एकच जण सांगतो, तो म्हणजे डिकीच्या लॉकमधला नखाएवढा मायक्रोस्विच. झाकण खाली आलं की लॉकचा पंजा बॉडीवरची कडी पकडून फिरतो. फिरता फिरता तो या स्विचचं बटण दाबतो किंवा सोडतो; कुठल्या गाडीत काय, ते बनवणाऱ्याच्या मर्जीवर. स्विच तसा निरोप पुढे धाडतो आणि पुढचा कॉम्प्युटर कसलीही उलटतपासणी न करता तो खरा मानतो. डिकीतला दिवा, डॅशबोर्डवरचं चित्र, टुंग टुंग, रिमोटने लॉक होणं-न होणं, सगळं त्या एका निरोपावर चालतं. एअरबॅगा, सेन्सर, रिव्हर्स कॅमेरा असा सगळा थाट असलेली बाई, पण कानाची इतकी हलकी!

टुंग टुंग एकवेळ सहन झाली असती. रेडिओ मोठा केला की ती ऐकू येत नाही आणि चित्रावर मी खरेदीच्या यादीचा चिटोरा चिकटवला होता. पण एका सकाळी चावी फिरवली तर इंजिनाऐवजी नुसतं कट् कट् कट्. बॅटरी झोपलेली. धक्के मारून, दुसऱ्याच्या बॅटरीला केबल जोडून गाडी उठवली आणि मग संशय आला की स्विच सांगतो म्हणून डिकीतला दिवासुद्धा रात्रभर जळत असणार.

आता डिकी बंद असताना आतला दिवा चालू आहे का, हे बघायचं कसं? उघडली तर तो लागणारच. त्यावर उपाय सोपा आहे. मोबाइलवर व्हिडिओ चालू करायचा, फोन डिकीत ठेवायचा आणि झाकण लावायचं. नंतर मी तो व्हिडिओ बघितला. झाकण पडल्याचा धप्प आवाज आणि त्यापुढे काळोख यायच्या जागी लख्ख उजेड. त्या उजेडात एक मोडकी छत्री, कधीच न लागलेला टो करायचा दोर आणि जोडीदार हरवलेली एक चप्पल. माझी बॅटरी कोणासाठी खर्ची पडत होती ते असं डोळ्यांनी बघितलं.

पाच वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ०.४ अँपिअर घेतो. उभ्या गाडीने एरवी निवांत ५० मिलिअँपिअरच्या आत खावं अशी अपेक्षा असते, म्हणजे हा एकटा दिवा आठ जणांचं खात होता. ४५ अँपिअर-तासांची नवी बॅटरी कागदावर शंभर-एक तास पुरेल. पण गाडी सुरू व्हायची थांबते ते बॅटरी पूर्ण रिकामी होण्याच्या बरंच आधी, आणि माझी बॅटरी नवी नव्हती.

शेजारच्या अण्णांना यातलं काहीच पटलं नाही. अण्णांचं निदान रोग ऐकायच्या आधी तयार असतं. ‘‘तुम्ही डिकी हळू लावता,’’ ते म्हणाले. ‘‘गाडीला दरारा लागतो. आपटायची!’’ आणि त्यांनी ती अशी आपटली की मागच्या काचेवरची धूळ आतल्या बाजूने उडाली. निशाणी तशीच. ‘‘अजून सवय नाही तिला,’’ अण्णा म्हणाले.

मेकॅनिकचा उपाय त्याहून झटपट होता. ‘‘वायर तोडून टाकू साहेब, कटकटच नको.’’ यात एक मोह आहे हे मान्य करायला हवं. तोडल्यावर टुंग टुंग जाईल, दिवा जाईल, शांतता नांदेल. फक्त पुढे कधी डिकी खरोखर उघडी राहिली आणि सामान रस्त्यावर सांडत निघालं, तरी गाडी समाधानाने गप्प बसेल. खोटं बोलणाऱ्याचा इलाज म्हणून त्याची जीभ कापायची, हे मला जरा टोकाचं वाटलं. वायर तोडायला हातही नव्हे, पक्कड लागते. दोष शोधायला डोकं लागतं आणि त्याचं बिल लावता येत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी पक्कडच आधी बाहेर येते.

सुट्टीच्या दिवशी मी स्वतःच तपासाला बसलो. संशयित तिघे. पहिला स्विच. दुसरी बॉडीवरची कडी. ती जराशी सरकली असली तर पंजा अर्धाच फिरतो आणि अर्ध्या बंद डिकीला उघडी म्हणण्यात गाडीची चूक नसते. तिसऱ्या वायरी. बिजागरीपाशी एका रबरी नळीतून त्या बॉडीतून झाकणात जातात आणि डिकी उघडली की दर वेळी तिथेच वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतलं तांबं तुटतं, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

कडीचा निकाल लगेच लागला. झाकण उघडं ठेवून स्क्रूड्रायव्हरने पंजा हातानेच फिरवला. टक् टक् असे दोन आवाज करून तो पूर्ण बंद झाला. लॉकच्या मते डिकी आता बंद. निशाणी तरीही जागेवर, म्हणजे कडी निर्दोष. या प्रयोगानंतर हँडल ओढून पंजा पुन्हा मोकळा करावा लागतो, नाहीतर मिटलेल्या पंजावर झाकण आदळतं. मी हँडलकडे वळतोय तोवर अण्णा आले, त्यांनी ‘‘अजून उघडीच?’’ म्हणत झाकण दाणकन आपटलं आणि ते तितक्याच जोरात उसळून वर आलं. अण्णा दोन पावलं मागे. ‘‘बघितलंत?’’ ते म्हणाले. ‘‘लॉकच गेलंय.’’

वायरींसाठी डिकी बंद असताना आत कोणीतरी हवं. मागची सीट आडवी पाडून मी आत शिरलो, टॉर्च दातात, आणि बायकोला पुढे डॅशबोर्डवर नजर ठेवायला बसवलं. अमेरिकेत सप्टेंबर २००१ पासून बनलेल्या कारना डिकीतून आतून सुटायची सोय सक्तीची आहे, बहुधा अंधारात चमकणारी एक मूठ असते. माझ्या गाडीत ती नव्हती. माझी सुटका आडव्या सीटवरून, म्हणजे पर्यायाने बायकोच्या संमतीनेच होणार होती.

मी रबरी नळी हलवली.

‘‘गेली,’’ ती म्हणाली.

‘‘निशाणी गेली?’’

‘‘नाही. माझी फोन करायची वेळ गेली. अहो, किती वेळ बसायचंय?’’

मी नळी वाकवली, पिळली, ओढली. निशाणी ढिम्म. वायरी निर्दोष सुटल्या. मग झाकणाच्या आतलं अस्तर, जे मी आधीच उचकटून ठेवलं होतं, बाजूला सारून लॉकचा कनेक्टर शोधला. त्याचा खटका अंगठ्याने दाबून, नखाची आहुती देऊन तो उपटला आणि डिकीतला दिवा विझला.

‘‘गेली,’’ पुढून आवाज.

‘‘आता काय गेलं?’’

‘‘अहो, निशाणी! आणि ती टुंग टुंगसुद्धा.’’

म्हणजे चुगल्या करणाऱ्याला बोलू दिलं नाही की गाडी ताबडतोब शहाण्यासारखी वागत होती. खात्रीसाठी मल्टिमीटरच्या दोन टोचण्या स्विचच्या दोन पायांना लावल्या; सर्किट जुळलेलं असलं की हा मीटर पीऽऽ करतो. आमच्या गाडीत डिकी उघडी असताना हे सर्किट जुळतं आणि बंद झाली की तुटतं. हे उलटही असू शकतं, म्हणून आधी आपल्या गाडीची रीत माहीत हवी. पंजा उघडा, मीटर पीऽऽ. पंजा बंद, मीटर तरीही पीऽऽ. काहीही विचारा, उत्तर एकच.

शत्रूची कुंडली माहीत असावी म्हणून रात्री वाचत बसलो. हा स्विच १९३२ साली अमेरिकेत फ्रीपोर्ट नावाच्या गावात पीटर मॅकगॉल यांनी शोधला. खुबी अशी, की बटण केसभर सरकलं तरी आतली ताणलेली पट्टी टिक् करून एकदम उडी मारते. अर्धवट जुळणं, अर्धवट तुटणं नाही. लाखो वेळा टिक् करण्याची हमी घेऊन हे स्विच बनतात. त्या गृहस्थांनी स्विचमध्ये खोट ठेवली नव्हती, हे लॉक बाहेर काढल्यावर दिसलं. कारखान्यातलं ग्रीस सुकून चिक्कट काळा राळ झाला होता, त्यात रस्त्याची धूळ बसली होती आणि बटण त्यात रुतून दाबलेलंच राहिलं होतं. निरोप्या बिचारा दाबलेल्या अवस्थेत जे दिसतं तेच प्रामाणिकपणे सांगत होता.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, टूथब्रशने घासलं, बटण टिक् टिक् करू लागलं. आठवडाभर गाडीने तोंड उघडलं नाही. मग एका खड्ड्यात टुंग. बटणाच्या कडेची रबरी टोपी फाटली होती, धूळ पुन्हा आत जाणारच होती. नुसता स्विच मागितला तर दुकानदार दयेने बघतो. तो सुटा मिळत नाही, अख्खं लॉकच घ्यावं लागतं. तसा मोकळा स्विच आणून डागही देता येतो, पण पातळीत केसाचा फरक पडला की पुन्हा आपण डिकीत आणि बायको स्टिअरिंगवर. मी अख्खं लॉक घेतलं.

ते बसवायला दोन बोल्ट आणि एक कनेक्टर, एवढंच काम. अस्तराच्या प्लॅस्टिकच्या क्लिपांनी मात्र सूड घेतला. त्या काढताना मोडतात आणि बसवताना उरलेल्याही मोडतात. झाकण अलगद खाली आणलं, नुसतं टेकवून दाबलं. टक्, टक्. डॅशबोर्डवरची पिवळी गाडी मावळली, रिमोटने लॉक लागलं, व्हिडिओत काळोख आला.

अण्णा गच्चीवरून बघतच होते. खाली आले, डिकी उघडली आणि मी हात पुढे करायच्या आत पूर्ण खांद्याचा जोर लावून आपटली. वाकून डॅशबोर्डकडे बघितलं. निशाणी नाही.

‘‘बघा,’’ अण्णा म्हणाले. ‘‘लागली की नाही सवय?’’