खुलासा : ‘कुपोषण फक्त पेठ-सुरगाण्यात’ हे खरं नाही

सध्या नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : कुपोषण पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांतल्या पाड्यांवरच असतं, शहरातल्या खात्यापित्या घरांनी काळजी करू नये. हे अर्धवट आहे, आणि म्हणूनच घातक.

गरिबीचा परिणाम होतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या सर्वांत गरीब गटात पाच वर्षांखालची ४६ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. पण सर्वांत श्रीमंत गटातही २३ टक्के! महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांच्या सुमारे ६९ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. बंगल्यातलं मूल दिवसभर दुधावर आणि बिस्किटांवर असेल, तर लोह मिळणार कुठून? वर्षावरच्या मुलाला दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त गाईचं-म्हशीचं दूध नको.

द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरणाऱ्या कुटुंबांची अडचण वेगळी. गाव सुटलं की अंगणवाडीतलं वजन आणि आहार दोन्ही सुटतात. कामाच्या गावच्या अंगणवाडीत नाव नोंदवा. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर स्थलांतराची नोंद होते.

कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजा; तो ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा घ्यायचा. डावा हात सैल सोडा, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मध्यावर पट्टी लावा. पट्टी आवळली तर माप कमी येतं, सैल राहिली तर धोका लपतो. ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. १२.५ च्या आत असेल तर अंगणवाडीताईंना लगेच दाखवा, मग घर कुणाचंही असो.