सासूबाई लेखातून जाणार नाहीत

डांग्या खोकल्यातल्या विषांवरच्या माझ्या लेखाखाली काल रात्री एका वाचकांची (टोपणनावाआडूनच, अर्थात) लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यातले आक्षेप थोडक्यात सांगते. मी एके ठिकाणी जिवाणूला विषाणू म्हटलं. पॅरापर्टुसिसचा जंतू (डांग्या खोकल्याच्या जंतूचा भाऊबंद) पर्टुसिस टॉक्सिन (डांग्या खोकल्याचं मुख्य विष) बनवत नाही, तरी खोकला आणतो. मग सगळं खापर त्या एका विषावर का? अँटिबायोटिकनं खोकला थांबत नाही असं लिहिल्यानं लोक औषध सोडतील. आणि शेवटी हे वाक्य: ‘जी-प्रोटीनला सासूबाई म्हणणं ही विज्ञानाची थट्टा आहे. ताई, तुम्ही पाककृतींचा ब्लॉग का चालवत नाही?’

पहिलं मान्य. बोर्डेटेला पर्टुसिस हा जिवाणूच, विषाणू नव्हे. टंकताना हात घसरला, दुरुस्त केलंय. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासूनचे आहेत.

आता पाककृती. तुम्हाला मुद्दा मांडायचा होता तर मांडायचा, चुलीपाशी जायचं काय कारण होतं? एखाद्या पुरुषानं हाच लेख लिहिला असता तर त्याला तुम्ही ‘दादा, गॅरेज उघडा’ म्हणाला असतात का? बरं, गेलाच आहात चुलीपाशी तर तिथेच बोलू, कारण माझ्या सासूबाईही तिथेच बसल्या आहेत.

पेशीच्या पडद्यात रुतलेलं, आतल्या बाजूला काम करणारं अ‍ॅडेनिलेट सायक्लेज नावाचं विकर असतं. ती सून. ती सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप फिरवणारा रेणू) तळत असते. किती तळायचं ते बाहेरून येणाऱ्या निरोपांवर ठरतं. ‘आणखी घाल’ हा निरोप एक जी-प्रोटीन (पडद्याच्या आतल्या बाजूचं निरोप्या प्रथिन) पोचवतं, ‘पुरे आता’ हा दुसरं. हे दुसरं म्हणजे जी-आय, म्हणजे सासूबाई. पर्टुसिस टॉक्सिन पेशीत शिरलं की त्याचा एक तुकडा पेशीतल्याच एनएडी नावाच्या रेणूमधून एडीपी-रायबोज हा भाग उचलतो आणि सासूबाईंच्या अंगावरच्या एका ठरावीक सिस्टीनला (प्रथिनातल्या एका अमिनो आम्लाला) चिकटवतो. बस्स. सासूबाई जिवंत आहेत, पाटावर बसल्या आहेत, पण दारातला निरोप त्यांच्यापर्यंत जात नाही. ‘पुरे’ म्हणायला कोणी नाही म्हटल्यावर कढई उतू जाणारच.

यात थट्टा कुठे आहे? पटकीचं विष ‘आणखी घाल’वाल्याला कायमचं चालू करून ठेवतं, डांग्या खोकल्याचं विष ‘पुरे’वालीला निकामी करतं. दोन्हीकडे सायक्लिक एएमपी वाढतं, पण वाटा उलट्या. हा फरक अकरावीच्या पोराला चार ओळींत सासूबाईंशिवाय समजावून दाखवा, मी ब्लॉग बंद करते.

(लिहिता लिहिता लक्षात आलं: लेखात मी ‘सासूबाईंच्या तोंडाला टाळं’ असं लिहिलं होतं. खरं तर कानात बोळा म्हणायला हवं होतं, कारण तुटतो तो दारावरच्या रिसेप्टरशी (बाहेरचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाशी) असलेला संबंध. एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांच्या हे नजरेला आलं नाही, याची नोंद घ्यावी.)

आणि ‘थट्टा’ हा शब्द मला का लागला ते सांगते. १९७२ च्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण चार महिन्यांची होती. सरकारी लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला १९७८ साली, त्यामुळे डांग्या खोकल्यावरची त्रिगुणी लस हे नावही आमच्या घरात कोणी ऐकलेलं नव्हतं. एका डॉक्टरांनी (नाव घेत नाही, आता ते नाहीत) दोन आठवडे ‘साधी सर्दी’ म्हणून परत पाठवलं. एवढ्या लहान बाळांना बहुतेकदा ती ‘हूप’ आरोळीही येत नाही. ती खोकत राहतात आणि मग श्वासच थांबतो. मी नऊ वर्षांची. कंदील धरून उभी राहायचे आणि आई तिचे निळे पडलेले ओठ बघत आकडे मोजायची. एकदा बावीसपर्यंत गेली होती. बहीण वाचली. ती हे वाचत असेल तर तिला आवडणार नाही, पण असो.

पुढे ३१ वर्षं मी लॅबमध्ये पांढऱ्या पेशी मोजल्या. पेशी रंगवायला लिशमनचा रंग, डाव्या हाताला काउंटर. डांग्या खोकल्याच्या बाळाची स्लाइड एकदा पाहिली की विसरत नाही: लिम्फोसाइटच लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). ते काही एवढे नव्यानं जन्मलेले नसतात. रक्तातून लसिका गाठींमध्ये परत जायचा निरोपही जी-आयमार्फतच येतो, आणि तो ऐकू येत नाही म्हणून मुख्यतः ते रक्तातच घुटमळत राहतात. तीच सासूबाई, तोच बोळा. म्हणून तर या विषाला पूर्वी लिम्फोसाइट वाढवणारा घटक असं एक नाव होतं आणि जपानी संशोधकांनी इन्शुलिनवरचा परिणाम पाहून स्वादुपिंडाशी जोडलेलं दुसरंच. तुम्ही किती स्लाइड मोजल्यात हो?

अँटिबायोटिकबद्दल: ‘घेऊ नका’ असं मी कुठे लिहिलंय? जंतू मरतो, पाचेक दिवसांत दुसऱ्याला लागण होणं थांबतं, म्हणून ते घ्यायचंच. पण त्या जंतूच्या भिंतीचा एक बारीक तुकडा, ट्रॅकियल सायटोटॉक्सिन, श्वासनळीतल्या केसाळ पेशी मारून टाकतो. या पेशी म्हणजे नळीचा झाडू. झाडू गेला की कफ बाहेर काढायला खोकण्याखेरीज उपाय उरत नाही, आणि नवा झाडू उगवायला आठवडे लागतात. उशिरा दिलेलं औषध हे कसं भरून काढणार? लेखात हेच होतं. तुम्ही बहुधा सासूबाईंपाशीच थांबलात.

जंतू स्वतःचं आणखी एक अ‍ॅडेनिलेट सायक्लेज बरोबर आणतो, तेही आपल्याच पेशीतल्या कॅल्मॉड्युलिन या प्रथिनावर पेटणारं. ही बाहेरची सून, तिला सासू लागूच नाही. ती भक्षक पेशींत घुसून त्यांचं गिळणं बंद पाडते. यावर तुमचा आक्षेप आला नाही, याचं आश्चर्य वाटतं.

राहिला पॅरापर्टुसिस. त्याचा खोकला सहसा सौम्य असतो, एवढं म्हणते. बाकी त्यावर इथे लांबण लावत नाही, सवडीनं वेगळा लेख लिहीन.

सासूबाई लेखात राहतील. तोंडाचं कान मात्र आज रात्री करते.