टचस्क्रीन हा केवळ सवयीचा प्रश्न नाही

‘टचस्क्रीन एकदा सवयीची झाली की चालकाचे लक्ष विचलित होत नाही’ हे गाड्यांत बटणांऐवजी आलेल्या टचस्क्रीनवरच्या लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. गोल बटण बोटांना चाचपून सापडते आणि ते किती फिरले हे हाताला कळते; सपाट काचेवर मात्र, कितीही वर्षांची सवय असली तरी, बोट नेमक्या जागी पडले की नाही हे पाहण्यासाठी नजर रस्त्यावरून काढावीच लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे गेलेली असते.

गेल्या पावसाळ्यात रात्री दारव्ह्याहून यवतमाळला येताना समोरच्या काचेवर आतून वाफ धरली. ती घालवण्याची सोय आमच्या नव्या गाडीत स्क्रीनच्या दुसऱ्या पानावर आहे. ती शोधून मी मान वर केली, तेव्हा बिनदिव्याची बैलगाडी अगदी पुढ्यात होती आणि ब्रेक कसाबसा वेळेवर लागला. बैलगाडी टळली तरी आमच्या भागात रोही (नीलगायी) आणि रानडुकरे केव्हा आडवी येतील याचा नेम नसतो, त्यामुळे रस्त्यावरची नजर क्षणभर हटवणेही आम्हाला परवडत नाही. युरोपात ‘युरो एनसीएपी’ ही नव्या गाड्यांची सुरक्षितता तपासणारी संस्था २०२६ पासून दिशादर्शक दिवे, वायपर, हॉर्न यांच्यासाठी प्रत्यक्ष बटणे असण्याला सुरक्षा मूल्यांकनात महत्त्व देत आहे. आपल्याकडील ‘भारत एनसीएपी’नेही तसे करावे आणि त्या यादीत काचेवरची वाफ घालवणारे बटण आवर्जून घ्यावे.