‘उद्योजकता शिकवायला संरक्षण खात्याचा पैसा कशाला?’ या आक्षेपाचं काय करायचं

विद्यार्थ्यांना सैन्याच्या खऱ्या अडचणी सोडवायला देणाऱ्या, अमेरिकेतल्या ‘हॅकिंग फॉर डिफेन्स’ या विद्यापीठीय अभ्यासक्रमावरचा एक आक्षेप वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा फिरत असतो. मथितार्थ असा: पोरांना उद्योजक बनवण्यासाठी सरकारने दीड कोटी डॉलर उधळले, उद्योजकता काही शिकवून येत नाही, सैन्याच्या अडचणी बाहेरच्या विद्यार्थ्यांना काय कळणार, आणि एवढं करून कंपन्या निघाल्या किती?

पैशाचा मुद्दा लवकर उरकू. २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात खासदार डॅन लिपिन्स्की यांनी संरक्षण विधेयकाला आणलेल्या दुरुस्तीत दीड कोटी डॉलरचा आकडा होता, हे खरं. पण त्या डिसेंबरात सही झालेल्या संरक्षण कायद्यातलं कलम एवढंच म्हणतं, की संरक्षणमंत्री अशा शिक्षणाला साहाय्य करू ‘शकतात’. अमेरिकेत खर्चाला मुभा देणारा कायदा वेगळा आणि तिजोरीतून पैसा काढणारा वेगळा. मुभा मिळाली म्हणजे पैसे उधळले, असं होत नाही. शिवाय तो अख्खा कायदा जवळपास ७०० अब्ज डॉलरचा होता. त्यात दीड कोटी म्हणजे लाख डॉलरमागे साधारण दोन डॉलर.

‘उद्योजकता शिकवून येत नाही’ हे मला अर्धं मान्य आहे. जिद्द शिकवता येत नाही, नुकसान सोसायची छातीही नाही. डॉक्टरला नाडी बघायला शिकवता येतं, हातगुण शिकवता येत नाही, तसंच हे. पण हा वर्ग नाडी बघायलाच शिकवतो. उद्योजक आणि प्राध्यापक स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ मध्ये स्टॅनफर्डला एक अभ्यासक्रम सुरू केला: आधी वस्तू बनवू नका, ती ज्यांना लागणार आहे त्यांच्याशी जाऊन बोला. त्याच वर्षी नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेने तो ‘आय-कोर’ या नावाने शास्त्रज्ञांसाठी उचलला आणि प्रत्येक गटाला शंभरेक माणसांना भेटण्याची अट घातली. २०१६ मध्ये ब्लँक यांच्यासोबत पीट न्यूवेल आणि जो फेल्टर हे दोन निवृत्त कर्नल आले आणि लष्कराचे, गुप्तचर संस्थांचे खरे प्रश्न वर्गात आले. न्यूवेल यांनी आधी सैन्याच्या ‘रॅपिड इक्विपिंग फोर्स’चं नेतृत्व केलेलं होतं. आघाडीवरच्या तुकडीला नेमकं काय हवंय ते शोधून लवकर पोचवायचं, हेच त्या दलाचं काम. म्हणजे हे शिक्षण हवेतून आलेलं नाही.

आता ‘बाहेरच्या पोरांना काय कळणार’ हा आक्षेप. गंमत म्हणजे अभ्यासक्रमाचं सगळ्यात भक्कम समर्थन इथेच सापडतं. पहिल्याच तुकडीतल्या एका गटाला नौदलाच्या विशेष दलातल्या पाणबुड्यांचा (पाण्याखाली उतरणाऱ्या सैनिकांचा) प्रश्न मिळाला होता: त्यांच्या अंगावर संवेदक बसवून पाण्याखाली शरीराची स्थिती कशी टिपायची? विद्यार्थी खुद्द पाणबुड्यांशी बोलायला लागले, तेव्हा कळलं की त्यांची मोठी निकड वेगळीच आहे. आपण नेमके कुठे आहोत, हेच त्यांना खाली समजत नाही. जीपीएसचे संदेश पाण्यातून जात नाहीत. गटाने मोहरा वळवला आणि स्थान कळवणाऱ्या साधनाकडे गेला. प्रश्न चुकीचा होता असं नाही, पण पहिला नव्हता.

हे खात्याच्या आतल्या माणसाला कळत नव्हतं का? कळत असणार. पण हाताखालच्या माणसाने वरिष्ठाने मांडलेली अडचणच खोडून काढणं सोपं नसतं. विद्यार्थ्याला ना बढतीची काळजी, ना हुद्द्याचा धाक. गुप्ततेचं म्हणाल, तर वर्गात येतात ते प्रश्न मुळात गोपनीय नसलेल्या स्वरूपात मांडलेले असतात.

कंपन्या किती, याचं उत्तर म्हणून कॅपेला स्पेसचं नाव सहज पुढे करता येईल. तीही पहिल्याच तुकडीतली. रडारची छायाचित्रं पुरवण्याच्या कल्पनेवर तिचा गट काम करत होता, आणि आज तिचे उपग्रह ढगांतून आणि रात्रीही जमिनीची छायाचित्रं घेतात. पण एका नावावर बाजी मारल्याचा आव मी आणणार नाही. कारण हे मापच मला चुकीचं वाटतं. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक हा सोव्हिएत उपग्रह वर गेला आणि सप्टेंबर १९५८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. गणित, विज्ञान, परदेशी भाषा, विद्यार्थ्यांना कर्ज, सगळं त्यात होतं, आणि नावात ‘संरक्षण’ होतं. कर्ज घेऊन रशियन शिकलेल्या मुलाने अग्निबाण किती बनवले, असा हिशेब मागण्यात काही अर्थ आहे का? वर्गातून निघते ती माणसं आणि नीट समजलेली अडचण. कंपनी निघालीच तर ती वरकड.

आक्षेपकांना सापडू शकला असता असा एक खरा मुद्दा मात्र आहे. स्टॅनफर्डचा वर्ग दहा आठवड्यांत संपतो. पेंटागॉनमध्ये एखाद्या गोष्टीसाठी पैसे मागण्याची तयारी ते हातात पडण्याच्या साधारण दोन वर्षं आधी सुरू होते. चांगली कल्पना घेऊन बाहेर पडलेल्या गटाने मधल्या काळात खायचं काय? पदवी झालेली असते, नोकरीची पत्रं आलेली असतात. अडचण मांडणारा अधिकारीही तोवर बदलून गेलेला असू शकतो. सरकार वर्गाला पाठिंबा देतं आणि खरेदीची घडी तशीच ठेवतं, यावर कोणी बोट ठेवलं असतं तर मी मान डोलावली असती. फिरणाऱ्या मजकुरात या दोन वर्षांबद्दल एक ओळही नसते.