फुकटची फायरवॉल आणि माझी वीस तारीख

मी सांगलीत कर सल्लागार आहे. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं दरमहाचं रिटर्न भरायची शेवटची तारीख म्हणजे महिन्याची वीस. त्या आठवड्यात आमच्या धंद्यातला शहाणा माणूस कॉम्प्युटरवरची धूळसुद्धा पुसत नाही, न जाणो काही हललं तर! आणि मी, सोळा तारखेच्या रात्री, जेवणं आटोपल्यावर, एका फायरवॉलची, म्हणजे मशीनमधून इंटरनेटवर येणारंजाणारं तपासणाऱ्या पहारेकरी प्रोग्रॅमची, चाचणी आवृत्ती टाकली. शिव्या घालायच्या असतील तर आधी मला घाला, मीही घालतेच आहे. पण बाकीच्यांच्या वाट्याच्या ज्या आहेत त्या आज मी देऊन टाकणार.

जुन्या अँटिव्हायरसची मुदत संपली होती. नूतनीकरणाचा आकडा बघून भाच्याला फोन केला. तो पुण्यात आयटीत आहे, म्हणजे आमच्या घरात त्याला फॅनच्या रेग्युलेटरपासून सगळ्यातलं कळतं असं धरलेलं आहे. "मावशी, कशाला पैसे घालवतेस? ही नवीन फायरवॉल बीटात, म्हणजे चाचणीत, आहे, फुकट आहे, टाकून बघ." फुकट म्हटल्यावर आमच्या घराण्यात पुढचं कोणी ऐकत नाही. विंडोजची स्वतःची फायरवॉल २००४ सालच्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून आपोआप चालूच असते, हेही त्यानं मला सांगितलं. एकोणीस तारखेला!

टाकल्याबरोबर प्रश्न सुरू. अमुक प्रोग्रॅमला इंटरनेट वापरायचंय, परवानगी द्यायची का? तमुकला द्यायची का? दहा मिनिटांत पस्तीस-चाळीस वेळा विचारलं असेल. आणि नावं कसली, तर एसव्हीसीहोस्ट डॉट एक्सई. मला नाव संशयास्पद वाटलं. तुम्हाला वाटलं नसतं? मी "नाही" दाबलं. नंतर कळलं की विंडोजच्या ढीगभर सेवा या एकाच नावाखाली चालतात, आणि राउटरकडून आयपी पत्ता (नेटवर्कवरचा मशीनचा नंबर) मागून आणणारी सेवासुद्धा त्यातलीच एक. म्हणजे मी माझ्याच हातानं मशीनचं दाणापाणी तोडलं. पत्ता मिळाला नाही की विंडोज स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतं. ज्याचा उपयोग शून्य. वाय-फायची काडी पूर्ण, नेट नाही.

आता मला सांगा, हे ज्यांना माहीत होतं त्यांनी तो प्रश्न मला विचारलाच कशाला? विंडोजचा स्वतःचा, सही असलेला प्रोग्रॅम ओळखता येत नसेल तर पहारेकरी कसला? सोसायटीचा वॉचमन रोज रात्री मालकालाच विचारतो, "तुम्हाला आत सोडू का?" आणि मालकानं चुकून मान हलवली की वर्षभरासाठी फाटक बंद, असला हा कारभार.

सतराला सकाळी ब्रॉडबँडवाल्याला बोलावलं. बिचारा गच्चीपर्यंत जाऊन आला, कनेक्टर कापून नवा लावला, स्वतःच्या मोबाइलवर यूट्यूब लावून दाखवलं. "मॅडम, लाइन ओके आहे." हो बाबा, लाइन ओकेच आहे. त्याला चहा पाजला, दोनशे रुपये दिले. भाच्यानं फोनवर ती परवानगी उलटी करायला सांगितली तेव्हा नेट आलं. आनंद किती वेळ टिकला? पहिल्या रिटर्नवर डिजिटल सही करेपर्यंत.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: कंपनीचं रिटर्न असेल तर सहीचं यूएसबी टोकन लावावं लागतं, आणि ब्राउझर त्या टोकनाशी बोलतो तो आपल्याच मशीनवर चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममार्फत, १२७.०.०.१ या पत्त्यावर. हा पत्ता म्हणजे मशीन स्वतः. घरातल्या घरात, स्वयंपाकघरातून माजघरात हाक मारण्यासारखं. ही हाकसुद्धा त्या फायरवॉलनं अडवली! आणि यावेळी विचारलंही नाही. शेजारच्या टेबलावरच्या मशीनला माझ्या मशीनवरचं टॅलीचं (आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर) लायसन्स दिसेना, म्हणून तिथली टॅली एज्युकेशनल, म्हणजे बिनलायसन्सच्या शिकाऊ, मोडमध्ये गेली. त्या मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी करता येतात. माझी सहाय्यिका अर्धा तास त्यात १४ तारखेचं बिल घालायला बघत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. व्हायरस येईल तेव्हा येईल, आज माझी माणसं आणि माझी यंत्रं बाहेर उभी.

अठराला दुपारी निळा पडदा आला, विंडोज कोसळलं की येतो तो. "ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल", खाली नेटआयओ डॉट सिस असं फाइलचं नाव. मी ते नाव शोधलं, तर ती विंडोजची स्वतःची फाइल निघाली. झालं, मला वाटलं विंडोजच खराब झालं. भाचा म्हणाला, तसं नसतं मावशी. फायरवॉलचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो, येणारजाणारं प्रत्येक पाकीट त्याच्या हातून जातं. तो मेमरीत चुकीच्या जागी हात घालतो आणि पडद्यावर नाव येतं शेजाऱ्याचं. साधा प्रोग्रॅम पडला तर एकटा पडतो, गाभ्यातला पडला की सगळं मशीन घेऊन पडतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं असंच झालं होतं म्हणे, ८५ लाख विंडोज मशीन आडवी, आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास. मी म्हटलं, ती तरी तयार झालेली वस्तू होती रे, हे तर कच्चं. कच्चं ते तू मला वीस तारखेच्या तोंडावर खायला दिलंस!

संध्याकाळपर्यंत मशीन चालू होऊन दोन मिनिटांत निळं, परत चालू, परत निळं. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी जरुरीपुरतंच चालू होतं त्यात, जा म्हणाला भाचा. मी जुन्या सवयीनं एफ-८ दाबत बसले. ते विंडोज ८ पासून तसं चालतच नाही. आता काय करायचं, तर चालू होता होता बटण दाबून धरून मशीन तीनदा मारायचं, मग ते स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर येतं. म्हणजे सभ्यपणे विचारून दार उघडत नाही, लाथा घातल्या की उघडतं. आणि उघडल्यावर? बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरच्या विंडोजच्या कुलपाची, किल्ली द्या. ४८ अंकी!

कुठली किल्ली? मी कधी लावलंय कुलूप? तर मशीन घेतलं तेव्हा दुकानातल्या मुलानं एक मायक्रोसॉफ्ट खातं उघडून दिलं होतं, किल्ली त्या खात्यात. खात्याचा पासवर्ड त्या मुलाला माहीत, तो मुलगा आता दुबईत. एकोणीसचा अख्खा दिवस त्याचा नंबर मिळवण्यात आणि ओटीपी जुन्या सिमवर येतो म्हणून ते सिम कपाटात शोधण्यात गेला. बॅकअप होता का विचाराल तर होता, बारा तारखेचा. हसा.

रात्री ४८ अंक घातले, सेफ मोड आला. आता काढून टाकू म्हटलं हे धेंड. अनइन्स्टॉल दाबलं, तर प्रोग्रॅम टाकणारी-काढणारी विंडोज इन्स्टॉलर सेवा सेफ मोडमध्ये चालत नाही! नेहमीच्या मोडमध्ये निळा पडदा काढू देत नाही, सेफ मोडमध्ये विंडोज काढू देत नाही. हे ज्यानं रचलं असेल त्याला म्हणावं, एकदा आमच्या जीएसटीच्या नोटिशीला उत्तर लिहून बघ, तुझं आमचं जमेल.

शेवटी वीसला रात्री व्हिडिओ कॉलवर भाच्यानं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, जाऊन त्या ड्रायव्हरच्या नोंदीत स्टार्टपुढे ४ लिहायला लावला, म्हणजे तो उठायचाच नाही. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. मशीन उठलं. फायरवॉल काढली. आणि नेट परत गायब! सॉफ्टवेअर गेलं तरी नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत त्याची फिल्टरची टिकली तशीच चिकटून होती. भाडेकरू गेला, कुलूप त्याचंच. ती टिकली काढली, विनसॉक (विंडोजचा नेटशी बोलणारा भाग) रीसेट केलं, दोनदा रीस्टार्ट, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. घड्याळात बघितलं तर वीस तारीख संपून सात मिनिटं झाली होती.

मधल्या काळात त्या कंपनीला मदतीची मेल पाठवली होती. उत्तरं ऐका. पहिलं: तुम्ही रीस्टार्ट करून बघितलं का? दुसरं: संपूर्ण मेमरी डंप, म्हणजे मशीन कोसळलं तेव्हाच्या मेमरीची नक्कल, अपलोड करा. माझी मेमरी १६ जीबी, म्हणजे फाइल जवळपास तेवढीच, आणि नेट तुम्हीच बंद करून ठेवलंय, अपलोड काय कबुतराच्या पायाला बांधून करू? तिसरं, आणि इथे माझं डोकं फिरलं: ही त्रुटी आम्हाला आधीच माहीत आहे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल. आधीच माहीत आहे! मग डाउनलोडच्या हिरव्या बटणावर दोन शब्द लिहायला हात मोडला होता? "बीटा रोजच्या कामाच्या मशीनवर टाकू नये" असं अटींमध्ये लिहिलेलं आहे म्हणे. बटण हाताच्या पंजाएवढं, आणि अट मुंगीच्या अक्षरात, तीसुद्धा खाली, दोन वेळा स्क्रोल केल्यावर. आमच्याच मशीनवर यांच्या चाचण्या, वर आमच्याकडूनच डंप. पगार मात्र त्यांच्या टेस्टरना.

हळदवाल्या कंपनीचं एक रिटर्न राहिलं ते राहिलंच. चलनही भरायचं होतं, आकडे सगळे त्याच मशीनमध्ये अडकलेले. १,८४,००० रुपयांवर एका दिवसाचं १८ टक्क्यांनी व्याज ९१ रुपये, विलंब शुल्क ५०. शेठ काही बोलले नाहीत, "असू दे मॅडम, होतं असं" म्हणाले. ते जास्त लागलं. १४१ रुपये मीच भरणार आहे. टॅलीत कुठल्या खात्याला टाकू, असं सहाय्यिका सकाळी विचारत होती. "फुकट सॉफ्टवेअर" नावाचं नवीन खातं उघड म्हटलं, ब्रॉडबँडवाल्याचे दोनशेही त्यातच घाल.