‘भाऊबंदकी’च्या जागी ‘दुफळी’ का चालणार नाही

महोदय,

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. सामाईक विहिरीच्या पाळीवरून चुलत्या-पुतण्यांत पेटलेल्या वादाला मी मागील लेखात ‘भाऊबंदकी’ म्हटले, त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. एक, भाऊबंदकी म्हणजे मुळात भाऊबंदांचे नाते, भांडण नव्हे. आणि दुसरा, जिथे भाऊ समोरासमोर नाहीतच, तिथे ‘दुफळी’ हा सरळ शब्द पुरेसा होता. हे दोन्ही आक्षेप मला पटत नाहीत.

शब्दाची घडण आपण सांगता तशीच आहे. परंतु नात्याचा अर्थ आज ‘भावकी’ या शब्दाने उचललेला आहे. लग्नाचे बोलावणे भावकीला जाते, सुतक भावकीला लागते, कुलदैवताच्या कार्याची वर्गणी भावकीतून निघते. यांपैकी एकाही ठिकाणी गावातला माणूस ‘भाऊबंदकी’ म्हणणार नाही, आणि ‘त्यांच्यात भाऊबंदकी आहे’ हे ऐकून त्यांचे चांगले जमते असा अर्थ कोणी घेणार नाही.

आता दुफळी. ती गावात पडते, मंडळात पडते, गृहनिर्माण संस्थेच्या सभेतही पडते, आणि एक बाजू उठून गेली की बहुधा संपते. भाऊबंदकीत उठून जाण्याची सोय नसते, कारण भांडण मताचे नसून हिश्शाचे असते आणि तो हिस्सा जन्माने आलेला असतो. दोन्ही बाजू एकाच मूळपुरुषाचे नाव सांगतात आणि त्याच नावावर एकमेकांविरुद्ध दावा लावतात. म्हणूनच वतनदारीच्या काळात पाटीलकीचे वडीलपण कोणत्या घराकडे, पोळ्याला कोणाचे बैल पुढे, अशा प्रश्नांवर गोतसभा, म्हणजे निवाडा करणाऱ्या जातभाईंच्या व गावकऱ्यांच्या सभा, बसत आणि महजर, म्हणजे त्यांचे लेखी निवाडे, लिहिले जात. वतने कायद्याने गेली, कुलकर्णी वतने १९५० च्या आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. पण भांडण तेवढे उरले आणि मानपानावरून बांधावर आले.

माझ्या लेखातली विहीर याच जातीची आहे. सातबाऱ्यावर ती सामाईक, मोटार एकाची, पाइपलाइन दुसऱ्याची, आणि वीज रात्रीची. पाळी कागदावर ठरलेली असली तरी उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की कोणाच्या पाळीत किती उपसा झाला, यावर बोलणे थेट आजोबांनी केलेल्या तोंडी वाटणीपर्यंत जाते. या वादात गावाच्या दोन फळ्या झाल्या नव्हत्या. गाव बाजूला उभे राहून पाहत होते. मग दुफळी कशात पडली म्हणायची? शिवाय याच दोन घरांत कोणी वारले तर बोलणे बंद असूनही दोन्हीकडे सुतक पाळले जाईल. हा पेच सांगणारा दुसरा शब्द मला ठाऊक नाही.

भाऊ नसताना भाऊबंदकी कशी, हा आपला प्रश्न रंगतदार आहे. राघोबादादा आणि थोरले माधवराव हे चुलते-पुतणेच होते. दादांचे म्हणणे वाटणीचे होते. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत माधवरावांकडून पराभव झाल्यावर त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले गेले, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्याच वाड्यात दादांचे दुसरे पुतणे नारायणराव यांचा खून झाला. या प्रकरणावरच्या नाटकाला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ हेच नाव दिले, आणि ते कोणाला खटकल्याचे ऐकिवात नाही. शब्दातला ‘भाऊ’ सख्खा असावा लागत नाही, वाटेकरी असावा लागतो. (त्या न्यायाने हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर बहीणही जन्मतः वाटेकरी झाली, तरी हक्कसोडपत्रावर सही न करणाऱ्या बहिणीच्या दाव्याला अजून कोणी भाऊबंदकी म्हणत नाही. तिथे ‘बहीण हिस्सा मागते’ एवढेच कुजबुजले जाते. याबद्दल आपण हरकत घेतली असती तर मी आपल्या बाजूने उभा राहिलो असतो.)

वर्तमानपत्रे प्रत्येक पक्षफुटीला भाऊबंदकी म्हणतात, ही आपली शेवटची तक्रार मात्र रास्त आहे. पक्ष ही वडिलोपार्जित मिळकत नव्हे. तिथे ‘फूट’ म्हणावे. ज्या पक्षांत सूत्रे घरातल्या घरातच वाटली जातात, त्यांच्यापुरता मात्र बातमीदाराला दोष द्यायला मी तयार नाही.